आपत्कालीन कक्ष आणि ‘नंबर’ या शब्दाचा अर्थ

रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात ताटकळणारा मनुष्य ‘आमचा नंबर केव्हा?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या मनात रेशनच्या दुकानातला वा तिकिटाच्या खिडकीवरचा नंबर असतो. जो आधी आला त्याचे काम आधी, हा या शब्दाचा रूढ अर्थ होय. परिचारिका मात्र दुसराच क्रम पाळीत असते. मागाहून आलेला, छातीत कळ येणारा रुग्ण ती प्रथम आत घेते. हात मुरगळलेल्या मुलाची आई बाकावर तशीच बसून राहते. तेथील पुष्कळशा वादांचे मूळ या अर्थभेदात आहे.

या दुसऱ्या क्रमास ‘ट्रायेज’ म्हणतात. वेगवेगळे करणे, निवडणे या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून तो शब्द सिद्ध झाला असून इंग्रजीत तो पूर्वी लोकरीच्या प्रतवारीस लावीत. १९९० च्या दशकात मँचेस्टर येथे सिद्ध झालेल्या पद्धतीत पाच रंग आहेत : लाल रुग्णास तत्काळ पाहावयाचे, नारिंगी, पिवळा, हिरवा व निळा यांना अनुक्रमे १०, ६०, १२० व २४० मिनिटांच्या आत. मराठीत ‘प्रतवारी’ म्हणावे, तर माणसाचीच प्रत लावल्याचा ध्वनी निघतो. ‘निवड’ म्हणावे, तर कोणास तरी वगळल्याचा. त्यापेक्षा ‘तातडीक्रम’ बरा.

तथापि तातडीक्रमाने पाळी बदलते, गर्दी हटत नाही. किरकोळ दुखण्याचे लोक येतात म्हणून कक्ष तुंबतो, ही समजूत बव्हंशी चुकीची आहे. अशा रुग्णांस वेळ थोडा लागतो आणि खाट बहुधा लागतच नाही. कक्ष तुंबतो तो मागील दाराशी. दाखल करावयाचे ठरलेले रुग्ण वॉर्डात खाट रिकामी नसल्यामुळे तेथेच स्ट्रेचरवर पडून राहतात. वॉर्डातून सकाळी घरी जावयाचा रुग्ण कागदपत्रे, औषधे व न्यावयास येणारे माणूस यांची वाट पाहत सायंकाळपर्यंत खाट अडवितो. तिसऱ्या मजल्यावरील हा विलंब दिसतो मात्र तळमजल्यावर. इंग्लंडमध्ये २००४ साली ९८ टक्के रुग्णांचा चार तासांत निकाल लावण्याचे बंधन आले. २०१० मध्ये ते प्रमाण ९५ टक्क्यांवर आणले गेले. प्रतीक्षा प्रथम खरोखरच घटली. परंतु चौथा तास संपता संपता रुग्ण हलविण्याची घाईही आकड्यांत स्पष्ट उमटली.

खाटा वाढविणे परिचारिकेच्या हाती नसते, बोलणे असते. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली दाखविले, की अनिश्चित आणि अकारण भासणारी प्रतीक्षा अधिक दीर्घ वाटते. ‘बसा, बोलावतो’ या वाक्यात ना कारण आहे, ना अवधी. त्याऐवजी त्या आईस असे सांगता येईल : ‘मुलाचा हात पाहिला आहे, जिवाला धोका नाही. येथे आल्याच्या क्रमाने नव्हे, तातडीप्रमाणे घेतात. तासभर लागेलसे दिसते. बोटे बधिर झाली किंवा दुखणे वाढले, तर मात्र थांबू नका, लगेच येऊन सांगा.’ यातील शेवटचे वाक्य केवळ सौजन्याचे नाही. बाकावरील रुग्णाची स्थिती पालटू शकते, आणि गर्दीत ते प्रथम लक्षात येते ते शेजारी बसलेल्या माणसाच्या.