अंगठेबहाद्दर

आमच्या लहानपणी अंगठेबहाद्दर म्हणजे सही करता न येणारा माणूस. चाळिशी उलटल्यावर ती पदवी मराठीच्या या प्राध्यापकाला मिळेल, असे कोणी म्हणाले असते तर मी हसलो असतो.

त्याचे असे झाले. आमचे शेजारी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे लेथवर होते. जमिनीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी अबोला. तो फोनही उचलत नाही. म्हणून ते पत्राचा मसुदा मागायला आले. मी ऐटीत पेन उचलले. अर्ध्या पानातच बोटे आखडली, आणि 'क्षमा'मधल्या क्षचा तर गुंता झाला. शेजारी संकोचून म्हणाले, "सर, अक्षर लागत नाही हो!" शेवटी मोबाईल काढला. दोन्ही अंगठे असे धावले की पाच मिनिटांत मसुदा तयार! तो पाहून त्यांनी स्वतःच्या हाताने, सावकाश, कागदावर उतरवून घेतला. "दादा माझे अक्षर ओळखतो," एवढेच ते म्हणाले.

हात तोच, मग अंगठा चपळ आणि लेखणी जड का? स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी ३७ जणांच्या बोटांना हलका स्पर्श करून मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की स्पर्शपडद्याचा मोबाईल वापरणाऱ्यांच्या मेंदूचा प्रतिसाद बटनांचा फोन वापरणाऱ्यांहून जोरकस होता. अंगठ्याच्या बाबतीत तर मागच्या दहा दिवसांत मोबाईल किती वापरला, त्याप्रमाणे तो कमीजास्त होई. स्पर्शाच्या खबरीवरच मेंदू बोटांची हालचाल आवरतो, सावरतो. थोडक्यात, ज्या बोटाला काम, त्याची दरबारी वट!

लेखणीची गोष्ट निराळी. नॉर्वेतील ट्रॉन्हाइमच्या विद्यापीठात ३६ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. हाताने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांत जेवढा मेळ दिसला, तेवढा एका बोटाने कळा दाबताना दिसला नाही. नवल ते काय? पडद्यावर क असो की ळ, टिचकी एकच. कागदावर मात्र प्रत्येक अक्षराचे वळण हाताला वेगळे घ्यावे लागते.

मोबाईल टाकून द्या, असे मी म्हणणार नाही; पोट त्याच्यावर चालते. पण दहा दिवसांचा हिशेब मेंदू ठेवीत असेल, तर तो आपल्यालाही बदलता येईल, या आशेने यंदा दिवाळीची चार पत्रे मी हाताने लिहिली. पहिले माझे मलाच लागेना. चौथे शेजाऱ्यांना दाखवले. त्यांनी ते न अडखळता वाचले.

त्यांच्या दादांचे उत्तर मात्र अजून यायचे आहे.