इतिवृत्तातले तीन शब्द

डॅनिश भाषेत माणसाला अहो-जाहो करण्याची रीत जवळजवळ संपली आहे. १९७०च्या दशकात ‘डी’ हे आदरार्थी सर्वनाम झपाट्याने मागे पडलं. आज विद्यार्थी प्राध्यापकाला आणि कारकून खातेप्रमुखाला बिनदिक्कत ‘डू’, म्हणजे ‘तू’ म्हणतो. त्यामुळे नव्याने डॅनिश शिकणाऱ्याला वाटतं, चला, औपचारिकतेची कटकट मिटली. तसं मुळीच नाही. औपचारिकता सर्वनामांतून उठली आणि ठरावीक शब्दप्रयोगांत जाऊन बसली. त्यांतला माझा सर्वांत लाडका प्रयोग तीन शब्दांचा आहे. स्पेलिंगबरहुकूम लिहिला तर ‘टागे टिल एफ्टररेटनिंग’. बोलताना ‘टागे’मधला ‘ग’ कोणी उच्चारत नाही आणि बाकीच्या अक्षरांचंही बरंच काही घशात विरघळतं. पुढे मी स्पेलिंगचीच वाट धरतो, नाहीतर वाचकांचे हाल होतील.

पार्श्वभूमी उरकून घेऊ. डॅनिश ही स्वीडिश-नॉर्वेजियनची बहीण, बोलणारे साधारण साठ लाख. १९४८च्या शुद्धलेखन सुधारणेत नामांची मोठी आद्याक्षरं गेली. भाषेच्या कारभारासाठी १९५५ साली भाषा मंडळ स्थापन झालं, २०१९मध्ये ते राजधानीतून फ्यून बेटावरच्या बोगेन्से या लहानशा गावी हलवलं गेलं. शब्दांच्या इतिहासासाठी १९१८ ते १९५६ या काळात निघालेला अठ्ठावीस खंडांचा महाकोश आहे. तो आता संगणकावर फुकट चाळता येतो आणि माझ्या कित्येक रविवारच्या दुपारी त्याने खाल्ल्या आहेत.

आता मुद्द्याचं. ‘टागे’ म्हणजे घेणे. ‘एफ्टररेटनिंग’ म्हणजे बातमी किंवा खबर. डेन्मार्कच्या गुप्तवार्ता खात्याच्या नावातही हाच शब्द आहे. पण त्याचं मूळ ‘एखाद्या गोष्टीप्रमाणे स्वतःला वळवून घेणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे आणि त्यावर जर्मन वळणाची छाप आहे. म्हणजे ही निव्वळ कानावर पडलेली खबर नव्हे. ती ऐकल्यावर माणसाने त्यानुसार वागावं, अशी अपेक्षा तिच्यात मुरलेली आहे. एखादी गोष्ट ‘टागे टिल एफ्टररेटनिंग’ केली, म्हणजे ती ऐकली, मान्य केली, तिच्याविरुद्ध तक्रार नाही. पटली का? ते विचारू नका. तेवढं सांगायचं टाळता यावं यासाठीच तर हा प्रयोग आहे.

त्याचं खरं घर म्हणजे नगरपालिकेचं इतिवृत्त. २००७च्या फेररचनेत डेन्मार्कमधल्या २७१ नगरपालिकांच्या ९८ झाल्या. त्यांच्या बैठकांची इतिवृत्तं कोणालाही वाचता येतात, आणि मी ती कादंबरीसारखी वाचतो. प्रत्येक विषयाखाली निकालाची एक तोकडी ओळ असते: ‘गोडकेंट’, म्हणजे मंजूर. ‘उडसाट’, म्हणजे पुढे ढकलला. आणि ‘टागेट टिल एफ्टररेटनिंग’. हा तिसरा शेरा बहुधा अशा विषयाखाली येतो, जिथे प्रशासनाने फक्त माहिती दिलेली असते आणि मत द्यायचं नसतं. आपल्या कचेरीतलं ‘दप्तरी दाखल’ याच्या जवळ जातं, पण दप्तरी दाखल झालेला कागद सहसा परत उठत नाही. डॅनिश शेरा मारणाऱ्यावर मात्र ‘हे तुम्हाला ठाऊक होतं’ ही जबाबदारी येऊन पडते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

हा प्रयोग जिथे वावरतो ती जागा पाहावी म्हणून मी कोपनहेगनच्या टाउन हॉलमध्ये गेलो होतो. मार्टिन न्यूरोपने उभारलेली ही लाल विटांची इमारत १९०५ साली पूर्ण झाली. इथे ५५ सदस्यांची नगरसभा भरते आणि नागरिकांना ती बसून ऐकता येते. तळमजल्यावर येन्स ओल्सेनचं जगप्रसिद्ध खगोलीय घड्याळ आहे. ते १९५५मध्ये सुरू झालं, तेव्हा ते पाहायला स्वतः ओल्सेन हयात नव्हता. समारंभात इथे पाहुण्यांना खास पॅनकेक वाढायची प्रथा आहे. मला ते मिळाले नाहीत, कारण माझा सत्कार करायचं कोणाला सुचलं नाही.

वापराकडे येऊ. जी गोष्ट मान्य केली, ती क्रियापद आणि ‘टिल’ यांच्या मधे येते: ‘मिनिस्टरेन टागर क्रिटिकेन टिल एफ्टररेटनिंग’, मंत्र्यांनी टीकेची दखल घेतली, तिच्यावर वाद घातला नाही. डॅनिश विधानात क्रियापद दुसऱ्या जागी ठाण मांडून बसतं. म्हणून ‘ते’वर जोर देऊन ते पुढे आणलं, तर कर्ता मागे सरकतो: ‘डेट टागर याय टिल एफ्टररेटनिंग’. ‘एफ्टररेटनिंग’ला निश्चिततेचा प्रत्यय लावायचा नाही. हा प्रयोग गोठलेला आहे, त्याला हात लावला की मोडतो.

मला खरी भुरळ पडली ती त्याच्या भावंडांची. ‘टागे टिल’पुढे गावाचं नाव आलं, तर माणूस त्या गावाला जातो. वादळाबद्दल म्हटलं, तर वादळाचा जोर वाढतो. ‘टागे टिल ओर्दे’ म्हणजे बोलायला उभं राहणं. ‘टागे टिल गेनमेले’ म्हणजे टीकेला ठणकावून उत्तर देणं. ‘टागे टिल इंडटेग्ट’ म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं आपल्या बाजूने ओढून वापरणं. ‘टागे टिल टाक्के’ म्हणजे पदरी पडलं ते गोड मानून घेणं. कुठल्याही सभेची सुरुवातीपासून शेवटापर्यंतची गोष्ट या प्रयोगांत सांगता येते, आणि आपला तीन शब्दांचा नायक त्या गोष्टीत ‘गेनमेले’च्या नेमका समोर उभा असतो.

डॅनिश राज्यकारभाराशी मराठीचंही जुनं नातं आहे. तरंगंबाडीत डॅनिश १६२०पासून होते आणि पुढे तंजावरच्या मराठे राजांशी त्यांचा संबंध राहिला. बंगालमधलं श्रीरामपूरही १८४५पर्यंत त्यांचंच होतं. ब्रिटिश कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी १८००मध्ये श्रीरामपूरच्या डॅनिश झेंड्याखाली आला. त्याचं मराठी व्याकरण १८०५मध्ये तिथेच छापून निघालं, त्याला मदत होती वैजनाथ पंडितांची. श्रीरामपूरच्या सेंट ओलाव चर्चवर डॅनिश राजा सातव्या ख्रिस्तियानचं बोधचिन्ह अजून आहे. त्याच्यासमोर उभा असताना मला तिथला प्रमुख अधिकारी ओले बी आठवला. मिशनऱ्यांबद्दलची कलकत्त्याची नाराजी त्याच्यापर्यंत पोचली होती. त्याने ती मुळीच ‘टिल एफ्टररेटनिंग’ घेतली नाही.

हा प्रयोग शिकणाऱ्याने जपून वापरावा. मित्राने रात्री जेवायला बोलावलं आणि तुम्ही हे उत्तर दिलंत, तर तो हसेल किंवा दुखावेल. घरातल्या सूचनेला मुद्दाम सरकारी थाटात हे उत्तर देऊन विनोद साधता येतो, पण तोही जपूनच. लेखापरीक्षकांचा ताशेरा, वरिष्ठांचा निर्णय, लोकपालाचा अभिप्राय या याच्या योग्य जागा. डेन्मार्कचा लोकपाल १९५५पासून आहे. तो सरकारी निर्णय रद्द करू शकत नाही, फक्त टीका करतो. म्हणूनच त्या टीकेनंतर खात्याने हे तीन शब्द लिहिणं महत्त्वाचं ठरतं. लोकपालाला आदेशाचा अधिकार नसल्याने सगळा खेळ शब्द मान्य करण्यावर चालतो. मंत्री मात्र कधी कधी याची ढाल करतात. टीका ‘घेतली’ म्हणायचं आणि पुढे काय करणार, ते सांगायचंच नाही. अशा वेळी पत्रकाराने ‘मग बदल काय होणार?’ एवढं विचारायला हवं, आणि चांगले पत्रकार विचारतातही.

आणि ज्याला ऐकून गप्प बसणं जमतच नाही, त्याचीही सोय आहे. डॅनिश नगरपालिका कायद्यानुसार कोणताही सदस्य आपलं वेगळं मत थोडक्यात इतिवृत्तात नोंदवून घेऊ शकतो. मग ‘टागेट टिल एफ्टररेटनिंग’च्या खाली त्याचं नाव आणि त्याचं मतही छापलं जातं.