महिंद्राच्या लाल गाडीचा शेवटचा हंगाम

भोकरदन तालुक्यातल्या धावड्यात महिंद्रा म्हटलं की ट्रॅक्टर. अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या या पट्ट्यात नांगरटीला तोच आणि मळणीयंत्राला तोच, आणि मिरची तोडली की बाजाराला न्यायला बहुधा त्याच कंपनीची बोलेरो पिकअप. दुचाकी मात्र दुसऱ्यांच्या. दुधाचे कॅन लटकवलेली स्प्लेंडर, तिघांना घेऊन धावणारी प्लॅटिना, आणि कॉलेजच्या पोरांच्या स्वप्नातली भगवी ड्यूक. याच महिंद्राने २०११ ते २०१७ असे सलग सात हंगाम मोटरसायकलींची जागतिक अजिंक्यपद शर्यत लढवली, स्वतःच्या नावावर दोन मोठे विजय मिळवले आणि मग सारं आवरून घेतलं, हे इथे फार थोड्यांना ठाऊक असेल. या संघाचा २०१७ चा हंगाम इतका फिका का गेला, याचं अर्धं उत्तर या न पोचलेल्या बातमीतच आहे असं मला वाटतं.

महिंद्रा दुचाकीच्या धंद्यात आली ती २००८ मध्ये, पुण्याच्या फिरोदियांची किनेटिक मोटर घेऊन. स्कूटर चालल्या. २०१० मध्ये आणलेली स्टॅलिओ ही मोटरसायकल मात्र लवकरच बाजारातून मागे घ्यावी लागली. घरच्या बाजारात मोटरसायकल उभी राहिलेली नसताना, २०११ च्या मार्चमध्ये कतारच्या ट्रॅकवर महिंद्राच्या १२५ सीसी गाड्या उतरल्या. जागतिक ग्रां प्रीत उतरलेली ही पहिली भारतीय कंपनी. गाडी इटलीत बनलेली, चालक ब्रिटनचा डॅनी वेब आणि जर्मनीचा मार्सेल श्रोटर. वर्षाच्या शेवटी व्हॅलेन्सियात वेबने पोल पोझिशन मिळवली. १२५ सीसी वर्गाची ती इतिहासातली शेवटची शर्यत होती, आणि तिच्यात पहिल्या जागेवरून निघणारी गाडी भारतीय कंपनीची होती.

मग आलं २०१२. टू-स्ट्रोकचा १२५ सीसी वर्ग संपला, २५० सीसीच्या एक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाड्यांचा मोटो३ सुरू झाला. महिंद्राने नवं इंजिन इटलीतच करवून घेतलं आणि ते वर्ष पार वाया गेलं. इंजिनात ना ताकद होती ना टिकाव. पहिल्या पंधरात येऊन एखादा गुण मिळवणंही मुश्कील झालं. श्रोटर हंगामाच्या मध्यातच निघून गेला. आकड्यांनी पाहिलं तर महिंद्राचं सर्वांत वाईट वर्ष हे, २०१७ नव्हे.

फरक पडला तो त्यानंतरच्या वागण्यात. २०१२ संपताच कंपनीने जुनं सगळं बाजूला ठेवलं. स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीकडून चासी आणि इंजिन नव्याने बांधून घेतलं. पोर्तुगालचा अठरा वर्षांचा मिगेल ऑलिव्हेरा आणि स्पेनचा एफ्रेन वाझकेझ यांना गाडीवर बसवलं. आदल्या वर्षी शेवटच्या रांगांत घुटमळणारी गाडी २०१३ मध्ये पुढच्या घोळक्यात दिसू लागली, आणि ऑक्टोबरमध्ये मलेशियाच्या सेपांगला ऑलिव्हेरा तिसरा आला. महिंद्राचा हा पहिला पोडियम. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बाइंडर ग्राहक संघाच्या महिंद्रावर जर्मनीत दुसरा आला. कंपनीने इटलीतल्या बेसोझ्झो या गावी स्वतःचं संशोधन केंद्र उभारलं आणि २०१५ पासून संघ चालवण्याचं काम स्पेनच्या होर्हे मार्टिनेझकडे, म्हणजे चार वेळच्या जगज्जेत्या 'अस्पार'कडे सोपवलं.

अस्पारच्या संघात दोन पोरं होती. एक इटलीचा फ्रान्चेस्को बान्याया, दुसरा स्पेनचा होर्हे मार्टिन. २६ जून २०१६ ला हॉलंडमधल्या असेनला बान्यायाने शेवटच्या लॅपपर्यंत चाललेल्या झुंजीत बाजी मारली आणि जागतिक ग्रां प्रीत भारतीय कंपनीची गाडी पहिल्यांदा जिंकली. ऑगस्टमध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला भर पावसात स्कॉटलंडचा जॉन मॅकफी जिंकला. त्याच्या गाडीवर नाव प्यूजोचं होतं, कारण महिंद्राने त्या फ्रेंच कंपनीच्या दुचाकी धंद्यात ५१ टक्के हिस्सा घेतला होता. गाडी आतून महिंद्राचीच. दुसरा आला मार्टिन, तोही महिंद्रावर. सेपांगला बान्याया पुन्हा जिंकला आणि वर्षअखेर अजिंक्यपदात चौथा राहिला. त्या वर्षी धावड्याच्या एखाद्या चहाच्या टपरीवर या विजयाची चर्चा झाली असती, तर त्या गाडीचं पुढचं नशीब वेगळं ठरलं असतं, असं मला मनापासून वाटतं. पण तशी चर्चा व्हायला दुकानात उभी असलेली, त्या गाडीशी नातं सांगणारी एखादी मोटरसायकल लागते.

आता २०१७ कडे यावं. हंगाम सुरू होण्याआधीच दोन्ही हिरे गेले होते. बान्याया वरच्या मोटो२ वर्गात गेला, मार्टिन होंडाच्या गाडीवर. त्यांच्या जागी अस्पारने लोरेन्झो डल्ला पोर्टा आणि अल्बर्ट अरेनास यांना घेतलं. पोरं कच्ची होती, पण गुणी होती. पुढे डल्ला पोर्टा २०१९ चा आणि अरेनास २०२० चा मोटो३ जगज्जेता झाला. तेव्हा चालकांवर खापर फोडणं अन्याय ठरेल.

खरा घाव बसला इंजिनाच्या बाजूने. मोटो३ सुरू करताना आयोजकांचा हेतू खर्च आटोक्यात ठेवण्याचा होता. एक सिलिंडर, इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर मर्यादा, इंजिनाच्या किमतीला कमाल हद्द. त्या चौकटीत महिंद्रासारख्या नवख्याला जागा होती. पण केटीएमने कारखान्यातून खास शर्यतीची गाडी आणली आणि तिला उत्तर म्हणून होंडाने २०१४ पासून आपली खरी ताकद लावली. नियम कागदावर तेच राहिले, पण त्यांच्या आत राहून कोण किती पैसा आणि किती अभियंते ओततो, यावर निकाल ठरू लागला. २०१७ च्या १८ शर्यतींपैकी १७ होंडाने जिंकल्या, त्यांतल्या १० एकट्या जोआन मीरने. उरलेली एक, मुजेल्लोची, केटीएमच्या आंद्रेआ मिन्योने. या वर्गात पंधरा-वीस गाड्या एकमेकींच्या वाऱ्याच्या ओढीत धावतात. सरळ रस्त्यावर ताशी तीन-चार किलोमीटरची कमतरता असली, तर घोळका हातून सुटतो आणि पुन्हा सापडत नाही. महिंद्राचं तेच होत राहिलं.

गाडीची बांधणी चांगली होती, याचा पुरावा मात्र पावसाने दिला. ओल्या रस्त्यावर ताकद पुरती वापरताच येत नाही. चासी, तोल आणि चालकाचा हात मोलाचा ठरतो. ब्रनोला २०१६ मध्ये हेच दिसलं होतं. १५ ऑक्टोबर २०१७ ला जपानच्या मोतेगीला पुन्हा पाऊस पडला, आणि वर्षभर मागे राहिलेल्या महिंद्रावर फ्रान्सच्या सीआयपी संघाचा अठरा वर्षांचा मार्को बेझेकी तिसरा आला. हंगामातला महिंद्राचा हा एकमेव पोडियम. तोपर्यंत कंपनीने या हंगामानंतर बाहेर पडत असल्याचं जाहीरही करून टाकलं होतं. निघून जाणार हे ठरल्यावर नव्या इंजिनावर कोण खर्च करणार? त्यामुळे हंगामाचा उत्तरार्ध निरोपासारखाच गेला.

बाहेर पडण्याचं कारण कंपनीने उघड सांगितलं: लक्ष विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ई गाड्यांकडे वळवायचं आहे. त्याच वर्षी जूनमध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने महिंद्राला फॉर्म्युला ईमधला पहिला विजय मिळवून दिला. विजेच्या गाड्या विकू पाहणाऱ्या कंपनीला तो मार्ग जवळचा वाटला, हे समजण्यासारखं आहे.

पण माझा आक्षेप त्याआधीच्या वर्षांवर आहे. २०१३ मध्ये महिंद्राने सेंच्युरो ही स्वस्त मोटरसायकल आणली. किल्लीत रिमोट होता, किंमत मध्यमवर्गाला परवडणारी. शर्यतीतल्या यंत्राशी तिचा काही संबंध नव्हता. २०१५ मध्ये आलेली मोजो तीनशे सीसीच्या जवळपासची, लांब पल्ल्याला उत्तम, एक सिलिंडरची. तिला बेसोझ्झोतल्या कामाशी जोडता आलं असतं. ते झालं नाही. केटीएमकडे बघा. बजाजने २००७ पासून तिच्यात भागीदारी घेतली, चाकणला ड्यूक बनू लागली, आणि ट्रॅकवर जी भगवी गाडी धावते तीच आपल्या गावात येते असं पोरांना वाटू लागलं. महिंद्राचा ट्रॅक्टर धावड्यात चालतो, कारण सुटा भाग जवळपास मिळतो आणि बिघाड झाला तर तो उघडू शकणारा मिस्त्री गावातच असतो. तो भरवसा मोटरसायकलला कधी लाभला नाही. घरी पाय रोवलेले नसले की परदेशातला खर्च हिशेबात पहिला डोळ्यावर येतो, आणि पहिला तोच कापला जातो. पुढे मोजोच्या इंजिनावर बेतलेलं इंजिन २०१८ मध्ये जावा या जुन्या नावाच्या नव्या मोटरसायकलीत बसलं. कंपनीने शर्यतीऐवजी जुन्या नावांचा वारसा निवडला.

२०१२ च्या अपयशावर महिंद्राने दुरुस्ती केली, २०१७ च्या अपयशावर माघार घेतली. माझ्या मते पहिला निर्णय बरोबर होता, दुसरा घाईचा. बान्याया २०२२ आणि २०२३ मध्ये मोटोजीपी या सर्वांत वरच्या वर्गाचा जगज्जेता झाला, मार्टिन २०२४ मध्ये. ऑलिव्हेरा, बाइंडर आणि बेझेकी यांनीही मोटोजीपीच्या शर्यती जिंकल्या. माणसं हेरण्यात हा संघ कुणापेक्षाही कमी नव्हता.

आता वेळ पुण्याची आहे. कर्जात बुडालेल्या केटीएमला वाचवायला २०२५ मध्ये बजाज ऑटोने मोठी रक्कम ओतली, त्यामुळे जागतिक शर्यतीतल्या एका संघाचं भवितव्य पुन्हा महाराष्ट्रातल्या कंपनीच्या हातात आलं आहे. खर्च कापायची यादी समोर येईल तेव्हा आकुर्डीतल्या बजाजच्या मंडळींनी महिंद्राचे २०१२ आणि २०१७ हे दोन हंगाम शेजारी ठेवून वाचावेत, आणि शर्यतीचा विभाग बंद करण्याआधी निदान एक हंगाम दुरुस्तीला द्यावा.