कच्च्या आवृत्तीसाठी वेगळी डिस्क

उबुंटू २४.०४ ची बीटा ४ एप्रिल २०२४ ला यायची होती, ती ११ तारखेवर ढकलली गेली. कारण तसंच होतं. डेबियनच्या अस्थिर शाखेवर चाचण्या घेताना आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. ते खोदत गेले, तर फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला! २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं आणि उबुंटूवाल्यांनी पॅकेजेस नव्याने बांधायला घेतली. डेबियन आणि उबुंटूच्या पक्क्या आवृत्त्यांत हा चोर शिरला नव्हता. धोका होता तो कच्चा माल हौसेने वापरणाऱ्यांना, आणि चोर सापडलाही त्यांच्यातल्याच एकाला.

ही हौस मलाही आहे. पण रोजच्या कामाची डिस्क आणि बीटा एकत्र नांदवायची नाहीत, ही माझी अट. विंडोजचं पार्टिशन आकसवून शेजारी जागा करता येते, बरेच जण तसंच करतात. मला ते पटत नाही. बीटामध्ये इन्स्टॉलरही बीटाच असतो. शिकाऊ शिंप्याच्या हाती लग्नाचा शालू कापायला कोण देईल?

म्हणून बाहेरची एसएसडी. तिचा आकार मुद्दाम आतल्या डिस्कपेक्षा वेगळा, कारण इन्स्टॉलरच्या यादीत डिस्क ओळखायची खात्रीची खूण म्हणजे तिचे जीबी. डेस्कटॉप असेल तर मी सरळ कॅबिनेट उघडून आतल्या डिस्कची केबल काढतो. हे अडाणीपणाचं वाटेल, पण जी डिस्क जोडलेलीच नाही ती कुणी पुसू शकत नाही. शिवाय बाहेरची डिस्क निवडूनही बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बसायचा, ही उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची खोड होती. लॅपटॉपची डिस्क सहसा अशी सहज काढता येत नाही, तिथे बूटलोडर कुठे जाणार ते दोनदा वाचावं.

बॅकअप घेतलाच पाहिजे. त्यातली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्याशिवाय मी त्याला बॅकअप म्हणत नाही. विंडोजवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवायची. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की विंडोज ती मागू शकतं, आणि त्या वेळी की त्याच बंद लॅपटॉपमध्ये असून काय उपयोग?

बीटाची आयएसओ फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ चेकसम काढून प्रकाशित आकड्याशी ताडायचा. ६४ अक्षरं डोळ्यांनी जुळवत बसू नये, ते काम कमांडला सांगावं. मग ती पेनड्राइव्हवर लिहून, इन्स्टॉल न करता लाइव्ह सुरू करून वायफाय, आवाज, कॅमेरा आणि ब्राइटनेस बघायचा. एवढं झालं की इन्स्टॉल करणं हा अगदीच कंटाळवाणा भाग, चहा होईपर्यंत उरकतो.

तरी वेगळी डिस्क म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. २०१७ ची उबुंटू १७.१० आठवा. ती तर पक्की आवृत्ती, पण कर्नलमधल्या एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपांचं बायोसच बिघडू लागलं. बायोस असतं मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, तिथे डिस्क वेगळी ठेवून काय होणार? डिसेंबरमध्ये ती डाउनलोडवरून काढावी लागली. तेव्हापासून बीटा आल्या दिवशी मी हात लावत नाही. आधी ज्ञात दोषांची यादी वाचतो आणि आपल्या मॉडेलचं नाव शोधतो.

नंतर पक्की आवृत्ती आली तरी पुन्हा इन्स्टॉल करावं लागत नाही. अपडेट घेत गेलं की बीटा पक्क्या आवृत्तीला जाऊन मिळते, २४.०४ ची २५ एप्रिल २०२४ ला तशीच मिळाली. पक्की येईपर्यंत विकासकांना दोष कळवायचे. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर वायफाय परतलं नाही, तर मॉडेल, कर्नलची आवृत्ती, त्या मिनिटाचा लॉग आणि पुन्हा तसंच घडवायची कृती, एवढं द्यावं. नुसतं ‘चालत नाही’ लिहिलं तर कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे.