मधल्या टप्प्यातली मरगळ

हाती घेतलेल्या कामातला उत्साह शेवटपर्यंत सारखा राहत नाही. शेवट दृष्टिपथात आला की वेग वाढतो, असा सिद्धांत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये मांडला. पुढे त्यांच्या प्रयोगांत उंदीर अन्नाजवळ येताना अधिक जोरात धावताना दिसले.

माणसांचेही असेच होते. जोसेफ नूनेस आणि झेवियर ड्रेझ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मोटारी धुण्याच्या केंद्रावर झाला. काही ग्राहकांना आठ शिक्क्यांचे कार्ड मिळाले, तर काहींना दहा शिक्क्यांचे, पण त्यावर दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आठच वेळा यायचे होते. तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के, तर दुसऱ्यातल्या ३४ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले. सुरुवात झालेली आहे, एवढी जाणीवही पुरेशी ठरली.

खरी अडचण मध्यावर येते. प्रारंभ मागे पडलेला असतो, शेवट दिसत नसतो. अर्धवट विणलेले स्वेटर याच वेळी कपाटात जाते. म्हणून मोठ्या कामाचे छोटे टप्पे पाडणे उपयोगी पडते, कारण प्रत्येक टप्प्याचा शेवट जवळ असतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा मार्ग याहून साधा आणि बहुधा जास्त भरवशाचा आहे: नुसता संकल्प न करता वेळ आणि जागा ठरवायची. ‘रोज अभ्यास करीन’ याऐवजी ‘रात्रीची भांडी आवरली की ओट्याशेजारच्या टेबलावर वही उघडीन’. मग त्या क्षणी मनाशी वाद घालावा लागत नाही. आवरलेला ओटाच वहीची आठवण करून देतो.