दोन ताळेबंद शेजारी ठेवून

बँकेचा वार्षिक अहवाल हाती आला की अध्यक्षांचं निवेदन ओलांडून मी थेट परिशिष्टांकडे जातो. तिसऱ्यात ठेवी, चौथ्यात बँकेनं घेतलेली कर्जं, नवव्यात तिनं दिलेली. बँक सरकारी असो वा खासगी, हे क्रमांक तेच. त्यामुळे दोन अहवाल शेजारी ठेवून ओळीनं वाचता येतात.

मार्च २०२४ अखेरचे स्टेट बँक आणि एचडीएफसी बँकेचे आकडे मी असेच वाचले. नफा जवळजवळ सारखा, दोघींचा ६१ हजार कोटींच्या आसपास. पण स्टेट बँकेची मालमत्ता सुमारे ६२ लाख कोटींची, एचडीएफसीची ३६ लाख कोटींची. म्हणजे शंभर रुपयांमागे एकीनं रुपयाभर कमावला, दुसरीनं जवळपास एक रुपया सत्तर पैसे.

रोखता पाहिली की चित्र पालटतं. शंभर रुपयांच्या ठेवींमागे स्टेट बँकेनं पंचाहत्तर रुपये कर्जाऊ दिले होते, एचडीएफसीनं एकशेचार! दचकायचं कारण नाही. जुलै २०२३ मध्ये गृहकर्ज देणारी एचडीएफसी लिमिटेड तिच्यात विलीन झाली. त्या कंपनीच्या ठेवी थोड्या, बाकी भांडवल बाजारातून उचललेलं; ते चौथ्या परिशिष्टात दिसतं. मात्र असा पैसा महाग, म्हणून बँकेला ठेवींमागे धावावं लागतं. स्टेट बँकेचा बराच पैसा सरकारी रोख्यांत असतो. व्याज बेताचं, पण विकले की रोकड हाती. तिच्या कमी नफ्यात या निर्धास्तपणाची किंमतही आहे, असं मला वाटतं.

तरीही नुसत्या मालकीवरून निवाडा करणं चूक. २०१७-१८ मध्ये थकीत कर्जांपायी सरकारी बँकांचा एकत्रित तोटा ८५ हजार कोटींवर गेला. ठेवीदार हलले नाहीत, कारण पाठीशी सरकार होतं. खासगी येस बँकेच्या खातेदारांना मार्च २०२० मध्ये काही दिवस ५० हजारांपेक्षा जास्त काढता येईनात. तिला सावरण्यात आघाडीवर होती स्टेट बँक. आणि पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र सरकारीच. २०१९ च्या सुरुवातीपर्यंत रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांखाली असलेल्या या बँकेनं २०२३-२४ मध्ये चार हजार कोटींवर नफा मिळवला. तिच्या निम्म्या ठेवी बचत आणि चालू खात्यांतल्या, म्हणजे स्वस्त.

ठेव ठेवण्याआधी व्याजदराबरोबर ही दोन-तीन परिशिष्टंही जरूर वाचा. ठेवविमा दोन्हीकडे सारखाच आहे: एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याज धरून, ५ लाखांपर्यंत.