घोंगडीचा हिशेब कुठून मांडायचा?

२०१२ आणि २०१९ या दोन पशुगणना शेजारी ठेवल्या तर देशातल्या मेंढ्या सुमारे १४ टक्क्यांनी वाढून ७ कोटी ४२ लाखांच्या घरात गेलेल्या दिसतात. लोकरीचे सरकारी आकडे मात्र उलट्या वाटेने चालले आहेत: २०१६-१७मध्ये साधारण ४ कोटी ३५ लाख किलो, २०२२-२३मध्ये ३ कोटी ३६ लाख किलो. मेंढरं वाढली आणि लोकर घटली. पारंपरिक वस्त्रकलांचे अभ्यासक सहसा विणकराच्या दारापासून सुरुवात करतात. माग, नक्षी, रंग, विक्री यांच्या नोंदी होतात आणि शेवटी नवं डिझाइन, शहरी गिऱ्हाईक, ऑनलाइन विक्री असे उपाय सुचवले जातात. पैठणीच्या बाबतीत ही पद्धत कदाचित पुरेल. दख्खनच्या घोंगडीला ती पुरत नाही, कारण घोंगडीचं दुखणं मागावर पोचण्याच्या बरंच आधी सुरू होतं आणि ते पाहायचं तर मेंढरांच्या वाड्यावर जावं लागतं.

घोंगडी दोन समाजांच्या हातांतून तयार होते. मेंढरं धनगरांची आणि माग बहुतेक ठिकाणी सनगरांचा. वर्षातून दोनदा कातरलेली लोकर काळी, करडी, पांढरी अशी निवडून पिंजतात आणि बायका चरख्यावर तिचं सूत काढतात. हे सूत एकेरी, केसाळ आणि जागोजाग जाडबारीक असतं. तसंच मागावर चढवलं तर फणीत घासून तुटणार. म्हणून चिंचोके कुटून, शिजवून त्यांची खळ करतात. मोकळ्या जागी ताणा लांबलचक ताणून धरायचा, कुंच्याने खळ चोपडायची, केस एका दिशेला बसवायचे आणि उन्हात खडखडीत वाळू द्यायचं. खळ नीट बसली नाही तर विणकराचा निम्मा वेळ तुटलेले धागे सांधण्यात जातो, आणि ढगाळ हवेत तर हे काम हातीच घेता येत नाही. नवी घोंगडी ताठ लागते ती या खळीमुळे. वापरता वापरता ती मऊ होते. काळ्या घोंगडीला रंग लागत नाही, मेंढीचा रंग तोच तिचा रंग. रंगाचं सांडपाणी नाही, ब्लीच नाही, विणायला वीज नाही, आणि खळ केली तीही चिंच वापरून झाल्यावर उरलेल्या बियांची. शाश्वत फॅशनच्या दुकानांत कपड्याला लटकवलेल्या चिठ्ठीवर जे जे छापलेलं असतं ते सगळं इथे आधीपासून आहे. चिठ्ठी तेवढी नाही.

मग लोकर घटली का? धनगराचं पोट आता कोकरावर चालतं. मटणाचा भाव चढत गेला आणि जाडीभरडी दख्खनी लोकर इतकी स्वस्त झाली की कातरणाऱ्याची मजुरीही तिच्या किमतीतून निघेना. पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर तिथेच टाकून कळप पुढे जातो. अशा वेळी मेंढपाळ अंगावर कमी लोकर आणि जास्त मांस असलेलं जनावर निवडणारच. जत भागातली उंच, बाकदार नाकाची मडग्याळ मेंढी याच कारणाने भाव खाते. तिच्या अंगावर लोकर बेताचीच. संशोधनाचा ओढाही तिकडेच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी कोकरं देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मेंढपाळाच्या दृष्टीने काम मोलाचं आहे, पण त्यातही लाभाचं माप कोकरू हेच. यात कुणाची चूक काढता येत नाही. एवढं मात्र दिसतं की घोंगडीचा कच्चा माल दर पिढीला जनावराच्या अंगावरूनच कमी होत चालला आहे, आणि विणकराला कितीही नवी डिझाइनं शिकवली तरी त्यावर तो उतारा नव्हे.

धनगरांबरोबर फिरून त्यांच्या ओव्या गोळा करणारे जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांना बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा ही दैवतं समजून घ्यायची होती. पण पाऊस, चारा आणि मेंढरांच्या वाटा यांच्याकडे पाहिल्याशिवाय ती त्यांना उलगडली नाहीत. घोंगडीच्या अभ्यासकाला तर त्या वाटांवरून चालावंच लागेल. दिवाळीनंतर कळप कोरड्या पठारावरून कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. वाटेत शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, त्याचे पैसे किंवा धान्य देतात. मेंढी चरते ते पिकं निघालेल्या रानात आणि पडीक जमिनीवर. घोंगडीच्या हिशेबात हे खत आणि हा चारा धरायचा की नाही, हा प्रश्न मागासमोर बसून सुचणार नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. मेंढी रवंथ करते, तिच्या पोटातून मिथेन निघतो आणि मिथेन हवामानाला घातक आहे. मग लोकर पर्यावरणस्नेही कशी? कपडे उद्योगात वापरल्या जाणाऱ्या हिग निर्देशांकात लोकरीला पॉलिएस्टरपेक्षा वाईट गुण पडले ते अशाच हिशेबामुळे. त्या निर्देशांकाचा हिशेब कापड तयार होण्यापाशी थांबत होता. पुढे ते किती वर्षं टिकतं, धुताना त्यातून प्लास्टिकचे कण पाण्यात जातात का, हे बाहेरच राहत होतं. २०२२मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने या आकड्यांवर कपड्याची जाहिरात करणं दिशाभूल करणारं ठरवलं. तरीही मिथेनचा मुद्दा त्याने निकालात निघत नाही, आणि काढूही नये. दख्खनपुरतं उत्तर वेगळं आहे. इथली मेंढी कोकरासाठी पाळली जाते आणि लोकर टाकून दिली जाते. तो मिथेन घोंगडी विणली तरी निघणार, न विणली तरी निघणार. फेकलेल्या मालातून दहा-वीस वर्षं टिकणारी वस्तू निघत असेल तर मिथेनचा भार मुख्यतः मटणाच्या खात्यावर पडायला हवा. उद्या लोकरीला इतका भाव आला की तिच्यासाठीच कळप वाढू लागले, तर ही वाटणी पुन्हा करावी लागेल. आज ती वेळ फार दूर आहे.

दुसरा आक्षेप रोजचाच: घोंगडी टोचते. टोचतेच. जाड तंतूची ही लोकर मेरिनोसारखी कातडीलगत घालण्याची नाही, आणि तिची शाल किंवा जाकीट करण्याचा हट्ट मला पटत नाही. मऊपणासाठी बाहेरची लोकर मिसळली की कापड खपतं, नाव घोंगडीचं राहतं आणि धनगराच्या वाड्यावर कातरलेली लोकर होती तिथेच पडून राहते. जाड तंतू टिकाऊ असतो, ऊब धरतो, आगीत प्लास्टिकसारखा वितळत नाही. अंथरूण, सतरंजी, नमदा, पिशवी, घराच्या छताखालचं किंवा भिंतीतलं अस्तर, ही त्याची कामं. फॅशनवाल्यांना ती फारशी आकर्षक वाटणार नाहीत, पण माल खपायचा तर अशाच मार्गाने खपेल.

राहिला मजुरीचा प्रश्न, आणि तिथे परंपरेच्या कैवाऱ्यांशीच वाद आहे. २०१९-२०च्या चौथ्या हातमाग गणनेत देशातल्या विणकर कुटुंबांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश कुटुंबांचं मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांखाली आढळलं. घोंगडीत सर्वांत जास्त वेळ पिंजण्या-कातण्यात जातो आणि तो जातो घरातल्या बाईचा. विक्रीच्या किमतीत तिच्या तासांची वेगळी ओळ क्वचितच असते. पिंजायला यंत्र आणलं तर अस्सलपणा जाईल असं म्हणणाऱ्यांनी हे तास मोजून पाहावेत. ताण्याची खळ आणि मागावरचं विणकाम यांत कसब आहे, ते हातानेच व्हावं. धुळीत बसून लोकर पिंजण्याचा आग्रह मात्र ज्यांना स्वतःला ती पिंजायची नसते तेच धरतात. यंत्राने वाचलेल्या वेळाचे पैसे कातणारीला मिळतात की व्यापाऱ्याला, एवढी एक नोंद क्षेत्रसंशोधनाने नीट ठेवली तरी पुढची धोरणं ठरवायला ती उपयोगी पडेल.